चोर सोडून संन्याशाला

आमच्या परसातला पेरू पिकला, ही बातमी सगळ्यांत आधी फळमाशीला कळते, तिच्यानंतर पोपटांना, मग खारीला, मग शेजारच्या अण्णांना, आणि या सगळ्यांचं टोचून, कुरतडून, "दोन घेऊन जातो हं वहिनी" असं म्हणून झालं की मग मला. तोवर फांदीला नुसता देठ उरलेला असतो. देठावरून मी एवढं ओळखतो की पेरू मोठा होता.

साताऱ्यात आमचं जुनं घर. पुढे हातभर अंगण आणि मागे दीड-एक गुंठ्याचं परस. त्यात वडिलांनी लावलेलं कागदी लिंबू, आईचं सीताफळ, हा पेरू, दापोलीहून हौसेनं आणलेलं हापूसचं कलम, एक डाळिंब आणि कुणी न लावता खरकट्यातून उगवलेली पपई. वडील होते तोवर रोज संध्याकाळी पंचा गुंडाळून झाडांतून एक फेरी मारायचे, कुठलंसं पान तोडून चुरगाळायचे, कुठली फांदी वाकवून बघायचे, खाली पडलेलं उचलून बादलीत टाकायचे, आणि आम्हाला वाटायचं की त्यांचा वेळ जात नाही. मी निवृत्त झालो आणि ही झाडं माझ्या ताब्यात आली. माझी सगळी नोकरी सरकारी कचेरीत, त्यातही उमेदीची वर्षं खातेनिहाय चौकशीच्या टेबलावर गेलेली. त्यामुळे कुठं काही बिघडलं की दोषी शोधायचा, कागद रंगवायचे आणि प्रकरण वरिष्ठांकडे सरकवायचं, हे माझ्या हाडीमासी खिळलेलं. परसात वरिष्ठ म्हणजे बायको. मी प्रत्येक झाडाच्या नावानं एक फाइल उघडली.

झाडांनी कामाची वाण पडू दिली नाही.

पहिली फाइल लिंबाची. कोवळ्या पानांवर रोज सकाळी काळपट-पांढरी शिट दिसायची, आणि वर विजेच्या तारेवर कावळा बसलेला असायचा. गुन्हा, पुरावा आणि संशयित एकाच जागी सापडण्याचं भाग्य मला अख्ख्या नोकरीत लाभलं नव्हतं. मी ओल्या फडक्यानं पानं पुसायला लागलो, कावळ्याला दिपवायला जुन्या सीड्या दोऱ्यांना बांधून टांगल्या, आणि पितृपक्षात त्याच्या घासाला मुद्दाम अर्धा तास उशीर केला. मग एका सकाळी चष्मा नाकावर ओढून मी पान पुसायला वाकलो, तर शिट चालायला लागली.

नात सहावीत आहे. तिनं लांबूनच निकाल दिला, "आजोबा, ती लेमन बटरफ्लायची अळी आहे. लहान असताना मुद्दाम तशी दिसते, म्हणजे पक्षी तिला खात नाहीत." म्हणजे कावळ्याला फसवायला घेतलेल्या सोंगाला कावळा फसला नसेल कदाचित, पण मी फसलो होतो. हीच अळी मोठी झाली की छान हिरवी होते, अंगावर तिरपे तपकिरी पट्टे येतात, आणि तिला बोट लावलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाचं दुबेळकं शिंग बाहेर काढून असा आंबूस वास सोडते की बोट धुतल्यावरही तो जेवणापर्यंत टिकतो. मी दोनदा लावून बघितलं. चौकशीत खात्री करावी लागते.

आता अळी उचलून साबणाच्या पाण्यात टाकली की काम संपलं असतं, पण नातीनं ती लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवली, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधला, आणि फुलपाखरू होईपर्यंत तिला रोज ताजी कोवळी पानं पुरवायची जबाबदारी घरातल्या एकमेव रिकाम्या माणसावर आली. ज्या लिंबाची पानं वाचवायला मी निघालो होतो, त्याच लिंबाचे सगळ्यांत कोवळे शेंडे मी स्वतः खुडून, धुऊन, पुसून अळीला पोचते करत होतो. काळ्या-पिवळ्या नक्षीचं फुलपाखरू निघालं तेव्हा घरात टाळ्या झाल्या. ते नातीच्या बोटावर जरा वेळ बसलं, पंख वाळवले आणि मागच्या दारानं उडून गेलं. पुढच्या आठवड्यात तसलंच एक फुलपाखरू लिंबाच्या शेंड्यांवर अंडी घालताना दिसलं. ते आमचंच होतं असा माझा आरोप नाही. कावळ्याची माफी मात्र मी मागितली नाही. कचेरीत तशी पद्धत नव्हती.

लिंबाची फाइल एवढ्यावर बंद होणारी नव्हती. पानांवर चंदेरी नागमोडी रेघा उठल्या, त्या नागअळीच्या. ती पानाच्या पापुद्र्याखाली राहून आतल्या आत पोखरत जाते. आणि तिनं केलेल्या जखमांतून खैऱ्या शिरतो. खैऱ्या म्हणजे पानांवर, काड्यांवर, फळांवर उठणारे खरबरीत तपकिरी फोड, भोवती पिवळी कड. बोट फिरवलं तर पॉलिश पेपर हाताला लागतो. मी कृषी सेवा केंद्रात गेलो. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "क्षेत्र किती?" मी म्हटलं, "एक झाड." त्यानं मागे वळून मालकाकडे पाहिलं, मालकानं माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या वयाचा मान राखून त्यांनी एक बाटली काढून दिली.

बाटली घरी आली तशी बायकोनं ती उंबऱ्याबाहेरच ठेवायला लावली आणि लेबलावरचा त्रिकोण दाखवून विचारलं, "अहो, हा पिवळा रंग कशाचा?" कीटकनाशकांवर चार रंगांचे त्रिकोण असतात. लाल म्हणजे सगळ्यांत जहाल, त्याच्या खालोखाल पिवळा, मग निळा, आणि सगळ्यांत सौम्य हिरवा. मी पिवळा हा लिंबाचा रंग समजलो होतो. "याच झाडाचं लिंबू मी रोज वरणावर पिळते," ती म्हणाली. बाटली परत गेली. तेव्हापासून घरात ठराव आहे की झाडांवर जे मारायचं ते आजीच्या बटव्यातलं, नाहीतर हिरव्या त्रिकोणाच्या आतलं.

म्हणून मी बोर्डो मिश्रणाकडे वळलो. नाव विलायती असलं तरी सामान आपल्या वाण्याकडचं, मोरचूद आणि कळीचा चुना. त्याचा इतिहासही मला मानवणारा होता. फ्रान्समध्ये बोर्डोकडचे द्राक्षवाले रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळं पाणी मारायचे ते रोगासाठी नव्हेच, तर जाणाऱ्या-येणाऱ्यांनी घड तोडू नयेत म्हणून. 1882 साली मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या ध्यानात आलं की आतल्या वेलींची पानं केवड्या रोगानं गळताहेत आणि रस्त्याकडेचे हे निळे वेल मात्र ठणठणीत आहेत. त्यानं प्रयोग केले आणि 1885 मध्ये कृती जाहीर केली. चोराला लावलेल्या सापळ्यात रोग सापडला. माझ्या चौकशांत हे नेहमी उलटं होतं.

कृती सोपी आहे. दहा लिटर पाण्याला शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम चुना. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, मग ढवळत ढवळत एकत्र करायचं, आणि त्यात लोखंडी सुरी बुडवून बघायची. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद अजून मोकळं आहे, आणखी चुना घाला. भांडं मात्र धातूचं नको. हे शेवटचं वाक्य पानाच्या मागच्या बाजूला होतं. मी मोरचूद लोखंडी घमेल्यात भिजवलं, तेव्हा सुरी बुडवायची गरजच उरली नाही. अख्ख्या घमेल्याला आतून तांब्याचा मुलामा चढला आणि औषधातलं तांबं घमेल्यात राहिलं. बायकोनं ते उन्हात धरून पाहिलं. "औषधाचं राहू द्या, घमेलं झकास झालंय."

दुसऱ्या वेळी प्लास्टिकची बादली घेतली, वस्त्रगाळ केलं, पंप खांद्याला लावला, टोपी, गॉगल, तोंडाला रुमाल, सगळा जामानिमा केला, आणि वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिलो. लिंबाला मिळायचं तेवढं मिळालं, उरलेलं माझ्या पांढऱ्या सदऱ्याला, भिंतीला आणि अण्णांच्या दोरीवर वाळत घातलेल्या धोतराला मिळालं. अण्णांनी ते दोनदा धुतलं. पुढच्या एकादशीला ते निळ्या ठिपक्यांचं धोतर नेसून देवळात गेले आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला माझं नाव सांगत राहिले. बाकी खैऱ्या कमी झाला, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. रोगट काड्या आधी छाटल्या होत्या त्याचाही त्यात वाटा असणार. आणि द्राक्षवाल्यांचा मूळ हेतू तर शंभर टक्के साधला. त्या महिन्यात निळ्या लिंबाकडे कुणी फिरकलं नाही. स्वयंपाकघरातूनसुद्धा.

सीताफळाची गोष्ट मात्र मी अजून नातीला सांगितलेली नाही.

फळांच्या डोळ्यांच्या खाचांत पांढरा कापूस दिसायला लागला. खोडावरून मुंगळ्यांची रांग वर जात होती, रांग खाली येत होती. मी मुंगळ्यांना पकडलं, अर्थात कागदोपत्री. मुंगळेच झाड खाताहेत असा शेरा मारून मोकळा झालो, तेवढ्यात शेतकी कॉलेजात शिकणारा भाचा आला. त्यानं सांगितलं, "मामा, ते पिठ्या ढेकूण आहेत. ते रस शोषतात आणि मागून गोड चिकटा टाकतात, आणि मुंगळे त्या चिकट्यासाठी त्यांची राखण करतात. त्याच चिकट्यावर काजळी धरते, म्हणून खालची पानं काळी पडलीत." मी त्या काळ्या पानांबद्दल पलीकडच्या घरातल्या चुलीच्या धुराड्याची तोंडी तक्रार आधीच करून आलो होतो. त्यांनी चूल मोडून गॅस घेतल्याला बरीच वर्षं झाली होती.

काजळी घालवायला भाच्यानं उपाय सांगितला तो बायकोला फार आवडला. पातळ खळ करून मारायची, वाळली की पापुद्रे सुटतात आणि त्यांच्याबरोबर काजळीही पडते. खळीत आमच्या घराण्याचा हात कुणी धरणार नाही. पण "पातळ" या शब्दाला आमच्या घरात मान नाही. मी सुती साडीच्या मापानं खळ केली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सीताफळ कडक इस्त्री करून परसात उभं होतं. वारा आला की पानं हलत नव्हती, खडखडत होती.

मुंगळ्यांसाठी खोडाभोवती प्लास्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस फासलं. मुंगळे पट्टीपर्यंत आले, थांबले, विचारविनिमय झाला आणि परत गेले. मी विजयानं त्याच खोडाला टेकून चहा प्यायलो. पायजम्याचं काय झालं ते सांगत बसत नाही. पण वर फळांवर मुंगळे होतेच. दोन दिवस मी रस्ता शोधला. सीताफळाची एक फांदी आमच्या कपड्यांच्या दोरीला टेकली होती, आणि मुंगळे भिंतीवरून दोरीवर, दोरीवरून माझ्या बनियनवर आणि बनियनवरून झाडावर जात होते. मधल्या मुक्कामाचा मला अंगात घातल्यावर पत्ता लागला.

मग भाच्यानं मित्रकीटकांचा विषय काढला. त्यानं सांगितलेली हकिकत ऐकून मी भारावलो. 2008 साली पपईवरचा एक परदेशी पिठ्या ढेकूण कोइमतूरला दिसला, 2010 पर्यंत तो पुण्याकडच्या बागांतही पोचला, औषधांना दाद देईना, तेव्हा त्याच वर्षी प्वेर्तो रिकोहून त्याचा शत्रू आणला. जेमतेम मिलिमीटरभर लांबीची ती माशी ढेकणाच्या अंगात अंडी घालते. तिनं काम फत्ते केलं. सीताफळासाठी मात्र दुसरा गडी आहे, क्रिप्टोलीमस नावाचा ढालकिडा. तांदळापेक्षा लहान, पाठ काळी, डोकं नारिंगी. हा 1898 साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणलेला, आणि प्रयोगशाळांत वाढवलेला विकत मिळतो. मी भाच्याकरवी एक डबी मागवली. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, घरच्यांना परसात बोलावून समारंभपूर्वक सोडली. नारळ फोडायचा राहिला होता एवढंच.

पंधरा-वीस दिवसांनी बघतो तर ढालकिडे गायब, आणि फळांवर पिठ्या ढेकूण केवढाले! पहिल्या ढेकणांच्या दुप्पट-तिप्पट, अंगावर पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या, आणि चक्क तुरुतुरु पळताहेत. ढेकूण औषधाला सरावतात हे वाचलं होतं, पण ढालकिडे खाऊन ढेकूण पोसतील याची मला कल्पना नव्हती. मी जुना दात घासायचा ब्रश घेतला, टमरेलात साबणाचं पाणी घेतलं, स्टुलावर चढलो आणि एकेक खाच साफ करत दुपारपर्यंत त्यांचा नायनाट केला. हळू चालणारे मूळचे ढेकूण खाचांत खोल दडलेले होते, ते हाती लागले नाहीत. पळणारे मात्र एक सोडला नाही.

अण्णा कुंपणावरून बघत होते. त्यांचं बालपण शेतात गेलेलं. ते म्हणाले, "भाऊ, त्ये ढेकूण न्हाईत. त्ये ढेकणं खाणाऱ्याची पिलं हाईत."

भाच्याला फोन केला. खरं होतं. क्रिप्टोलीमसच्या अळ्या अंगावर मेणाचा तसाच पांढरा वेश चढवतात आणि ढेकणांतच फिरून त्यांना खातात. ओळखायची खूण एकच, ढेकूण रेंगाळतो आणि अळी पळते. पाहुण्यांना ऑस्ट्रेलियाच्या वंशावळीसकट पैसे मोजून बोलावलं, त्यांनी इथं संसार थाटला, पोरंबाळं झाली, आणि यजमानानं ती ब्रशनं घासून टमरेलात बुडवली. मी अण्णांना विचारलं, "मग आधी का नाही सांगितलंत?" अण्णा म्हणाले, "तुमी इतकं मन लावून करत व्हता."

पपई आणि डाळिंबाच्या फाइली लवकर मिटल्या. पपईची पानं चुरडून पिवळी-हिरवी झाली, तो विषाणू. मावा तो पसरवतो आणि त्यावर औषध नाही, झाड उपटून टाका असं सगळे सांगत असताना मी तिला गूळपाणी, ताक आणि सावली देत राहिलो आणि शेवटी तिनं स्वतःच मान टाकली. डाळिंबावर तेल्या आला. तेलकट डाग पडले, फळं तडकली. सोलापुरात डाळिंबाचं खास राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे आणि तिथले लोक या रोगापुढे वर्षानुवर्षं घाम गाळताहेत, तेव्हा माझ्याकडून कुणी अपेक्षा ठेवू नये. हापूसच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा पडत होता. त्याच सुमारास मागचं दार दुरुस्त करायला सुतार आला होता, त्याला मी "काम झाल्यावर झाडून काढत जा रे" असं दोनदा सुनावलं. सुतार गेला. भुसा पडतच राहिला. खोडात भिरूड होता. सुतारानंच पुढे येऊन तारेचा आकडा घालून ती जाडजूड अळी बाहेर ओढली, पेट्रोलचा बोळा कोंबून भोक चिखलानं लिंपलं, आणि बुंध्याशी पडलेला भुसा झाडून काढला. मला दाखवून.

आणि आता दशपर्णी.

ज्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही असा दहा तऱ्हेचा पाला पाण्यात कुजवून त्याचा अर्क किडींवर मारायचा, अशी ही विद्या आहे. कडुनिंब, करंज, निर्गुडी, एरंड, रुई, घाणेरी, कण्हेर, गुळवेल, सीताफळ, पपई. शिवाय मिरच्या-लसणाचा ठेचा, शेण आणि गोमूत्र. पाला गोळा करायला मी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी पिशवी घेऊन हिंडलो, तेव्हा फिरायला येणाऱ्या मंडळींनी तब्येतीची आस्थेनं चौकशी केली. मधुमेहावरचा उपाय असावा असं समजून दोघांनी कृतीही लिहून घेतली. त्यांना मी नंतर गाठून खुलासा केला, कारण त्यात कण्हेर होता. गोमूत्रासाठी पहाटे गवळ्याच्या गोठ्यात डबा घेऊन गाईच्या मागे उभा राहिलो. कचेरीत माझ्या टेबलासमोर ताटकळणाऱ्या लोकांच्या मनात काय चालत असेल ते त्या तासाभरात कळलं. गाईनं शेवटी कृपा केली ती मी डबा खाली ठेवून जांभई देत असताना.

हे सगळं निळ्या पिंपात भरलं, मागच्या दाराशी सावलीत ठेवलं, आणि रोज काठीनं ढवळायला लागलो. महिनाभर मुरावं लागतं. पहिल्या आठवड्यात घरातले लोक मागच्या दारानं जायचे बंद झाले. दुसऱ्या आठवड्यात खिडक्या बंद झाल्या. मला मात्र काही जाणवत नव्हतं. रोज पिंपात तोंड घालून ढवळणाऱ्याचं नाक कधीच राजीनामा देऊन मोकळं होतं.

तिसऱ्या आठवड्यात नगरपालिकेचा माणूस आला. गल्लीतून तक्रार होती, कुठंतरी मांजर मरून पडलंय. चौकशी म्हटल्यावर माझं रक्त सळसळलं. मी चपला घातल्या, हातात काठी घेतली, तीच काठी, आणि त्याच्याबरोबर निघालो. आम्ही गटारावरच्या फरशा उचलून पाहिल्या. अण्णांच्या जळणाच्या ढिगात काठी घालून पाहिली. समोरच्यांच्या पाण्याच्या टाकीवर मी त्याला शिडी लावून चढवलं. आश्चर्य म्हणजे आम्ही जिथं जाऊ तिथं त्याला वास जास्त यायचा आणि तो काठीकडे बघायचा. मी त्याला दुर्गंधी येण्याच्या कारणांवर माहिती देत होतो. फिरत फिरत आम्ही आमच्या परसात आलो. तो पिंपाशी थांबला, रुमाल नाकाला लावला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "काका, मांजर तुमचं होतं का?"

फवारणी केली. किडींवर परिणाम झाला की नाही, हे बघायला पुढे आठ दिवस मीही झाडाजवळ गेलो नाही.

राहता राहिला पेरू. त्याची फाइल सगळ्यांत जाड, कारण फळमाशीविरुद्ध माझ्याकडे भक्कम शास्त्र होतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा "रक्षक" सापळा प्रसिद्ध आहे. त्यातल्या मिथाइल युजेनॉलच्या वासानं फळमाश्या आत येतात आणि मरतात. मी पेरूच्या फांदीला सापळा टांगला आणि रोज सकाळी आतल्या माश्या मोजून वहीत मांडायला लागलो. आकडे बघून ऊर भरून यायचा. पेरू मात्र आतून तसेच वळवळत होते. भाच्यानं हसू दाबत सांगितलं की त्या वासाला भुलतात ते फक्त नर. सगळ्या वाडीनं मिळून सापळे लावले तर माद्यांना नर मिळत नाहीत आणि पैदास घटते, पण आजूबाजूला सापळा नसताना एका झाडावर एक सापळा म्हणजे तिकडून ओटी भरून आलेल्या माद्यांना वाट मोकळी. माझ्या वहीत नुसती वरपक्षाची यादी होती. वधूपक्ष पेरूत होता.

बरं, सालीखाली अंडी घातली की अळ्या गर खातात, फळ गळतं, अळ्या फळातून बाहेर पडून मातीत शिरतात, तिथं कोष करतात आणि पुन्हा माशी होऊन वर येतात. आणि गळलेले पेरू मी काय करत होतो? वाया कशाला घालवायचे, सेंद्रिय खत होईल, म्हणून गोळा करून त्याच पेरूच्या आळ्यात मांडत होतो, वरून पालापाचोळ्याचं पांघरूण घालत होतो आणि रोज पाणी देत होतो. सातारा शहरात फळमाशीचं एवढं सुसज्ज बाळंतगृह दुसरं नसेल.

बायकोनं माझी वही बाजूला ठेवली. रोज सकाळी केर काढताना ती गळलेला पेरू न् पेरू उचलून प्लास्टिकच्या पिशवीत घालायची, तोंड गच्च बांधून पिशवी दिवसभर गच्चीवर उन्हात टाकायची. आळ्यातली माती खुरप्यानं वरखाली केली. आणि पेरू लिंबाएवढे झाले तशी मशीनवर बसून तिनं मलमलच्या छोट्या पिशव्या शिवल्या आणि एकेका फळाला घालून नाडी आवळली. त्यातल्या बऱ्याच पिशव्यांवर निळे डाग होते. माझा सदरा कुठं गेला ते तेव्हा समजलं.

त्या हंगामात मी झाडाचा अख्खा पेरू खाल्ला, तिखट-मीठ लावून, आत काही न वळवळता. बायकोनं फाइलवर शेरा मारला, "प्रकरण निकाली. संबंधितांनी झाडापासून दूर राहावे." संबंधित म्हणजे फळमाशी असं मी धरून चाललो आहे.

तेव्हा मंडळी, तुमच्या परसात पेरू असेल तर गळलेलं फळ त्याच दिवशी उचला आणि वरच्याला पिशवी घाला, बाकी मला काही विचारू नका. लिंबू असेल तर शिट चालते का ते आधी बघा. आणि दशपर्णी अर्क कुणाला हवा असेल तर अर्ध्याहून जास्त पिंप शिल्लक आहे, फुकट देतो, पोचवायलाही येतो. झाकण तेवढं मी गेल्यावर उघडा.